तत्रैव यांचे छत्रीविषयक विचार

कोणतीही गोष्ट नुसती खरी असून भागत नाही, ती आधी दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेली असावी लागते, असं जाणकार मानतात. मग त्या दुसऱ्याच्या आधी कोणी लिहिलं होतं, असा प्रश्न काही जण विचारतात. अशा लोकांना पदवी मिळत नाही, त्यामुळे त्यांच्या प्रश्नाकडे लक्ष देण्याचं कारण नाही.

वाणिज्य महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाईंना मात्र पदवी हवीच होती. पदवी मिळाली तर नोकरी कायम होणार होती, नाही मिळाली तर पुढच्या सत्रापासून त्यांच्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसणार होतं. (तो दुसरा कोणीतरी मधल्या सुट्टीत येऊन खुर्ची हलवून बघून गेला होता. तिचा एक पाय डुगडुगतो, हे बाईंनी त्याला मुद्दाम सांगितलं नाही.)

बाईंनी विषय निवडला होता तो घरातलाच. बाईंच्या नवऱ्याचं छत्र्यांचं दुकान होतं. नवी विकायची, जुनीची काडी बदलून द्यायची, असा सरळसाधा व्यवहार. दुकानात कोपऱ्यात एक पत्र्याचं पिंप होतं आणि त्यात लोकांनी विसरलेल्या छत्र्या उभ्या असत. एकदा जेवताना नवरा सहज बोलून गेला, "माणूस छत्री घ्यायला परत येत नाही गं. विसरलेली न्यायला येतो. आणि आलाच आहे, तर दुसरी बघतो." बाईंचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं व्यापारावरची जाडजूड पुस्तकं चाळून त्यांना जे सापडलं नव्हतं, ते आमटी वाढता वाढता सापडलं होतं. त्यांनी हात धुतले आणि प्रबंधात लिहिलं : 'ग्राहकाचे पुनरागमन हे बहुतांशी विस्मरणजन्य असते.'

मार्गदर्शकांनी या वाक्याला लाल पेनाने गोल केला आणि बाजूला एकच शब्द लिहिला. 'आधार?'

बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'माझे पती.'

मार्गदर्शकांनी त्यांना बोलावून घेतलं. मार्गदर्शक मनाने वाईट नव्हते. त्यांनी आधी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मग समजावलं, "बाई, पती हा आधार असू शकतो. संदर्भ होऊ शकत नाही."

व्यवसायविषयक संशोधनात आधारांची उतरंड कशी असते, हे यानिमित्ताने सांगून टाकलेलं बरं. सर्वांत वर परदेशी नियतकालिकातला लेख, जो ग्रंथालयात नसतो आणि म्हणून तपासता येत नाही. त्याखाली कंपनीने स्वतःच स्वतःविषयी काढलेला अहवाल. त्याखाली बाजारपाहणी करणाऱ्या संस्थेचा अहवाल, ज्यात रंगीत वर्तुळं असतात (वर्तुळ जितकं जास्त रंगीत, तितका अहवाल विश्वासार्ह). त्याखाली वर्तमानपत्र, तेही जुनं असेल तर. आणि अगदी तळाला, ज्याच्या बाबतीत ती गोष्ट प्रत्यक्ष घडली तो माणूस. त्याला संशोधनात 'नमुना' म्हणतात. घरीदारीही हाच शब्द वापरतात, पण वेगळ्या अर्थाने.

बाई जिद्दीच्या. त्यांनी रंगीत वर्तुळांचा एक अहवाल मिळवला. त्यात म्हटलं होतं, 'छत्रीबाजार समाधानकारक आहे.' खाली आधार होता, 'उद्योगातील जाणकार'. बाईंनी पाहणीसंस्थेत फोन लावला. एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे दिला, आणि शेवटी एका मुलीने सांगितलं की जाणकार म्हणजे एक दुकानदार, आम्ही त्यांना फोन केला होता. बाईंनी नंबर मागून घेतला. नंबर घरचाच निघाला. नवऱ्याला विचारलं तेव्हा त्याला आठवलं, हो, दुपारी जरा डोळा लागला होता तेव्हा कोणाचा तरी फोन आला होता खरा. धंदा कसा आहे विचारत होती. तो 'बरं चाललंय' म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

थोडक्यात, छत्रीवाले चालत चालत आले तर चालत नाहीत, पण रंगीत वर्तुळातून आले तर चालतात. पण विस्मरणाचा मुद्दा त्या फोनवर काही निघाला नव्हता, त्यामुळे बाईंचं वाक्य उघड्यावर पडलं ते पडलंच.

मग बाई विभागाच्या ग्रंथालयात जाऊन बसल्या. तिथे जुने प्रबंध मांडलेले असत. प्रबंध कोणी पुढून वाचत नाही. मागे संदर्भ असतात, तेवढे पाहून ठेवून देतात. बाईंनीही शेवटची पानं तेवढी चाळली आणि चकित झाल्या. जिकडे बघावं तिकडे एकच नाव. 'तत्रैव, पृ. १२.' 'तत्रैव, पृ. ८३.' बँकांवरचा प्रबंध असो, साबणाच्या खपावरचा असो की कामगारांच्या मनोधैर्यावरचा, पानोपानी तत्रैव हजर. नावाआधी श्री. नाही, मागे पदवी नाही. केवढा हा माणूस, आणि किती साधा! बाईंना स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं वाणिज्य शिकवून त्यांनी तत्रैव यांचं एक पानही वाचलं नव्हतं.

ज्याने साबणापासून मनोधैर्यापर्यंत काही सोडलं नाही, त्याने छत्री सोडली असेल? बाईंनी मनाचा हिय्या केला आणि वाक्यापुढे लिहिलं, '(तत्रैव, पृ. ४७)'. पृष्ठ सत्तेचाळीस का, तर मधलंच कुठलंतरी बरं दिसतं.

मार्गदर्शकांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, वा, तत्रैवांपर्यंत पोचलात! हल्लीची मुलं त्यांना वाचतच नाहीत. आपली त्यांची एका परिसंवादात भेट झाली होती, हेही त्यांनी सांगितलं. माणूस मितभाषी, पण चहा फार प्यायचा. विभागप्रमुखांना कळलं तेव्हा ते म्हणाले की तत्रैवांची सुरुवातीची मतं आपल्याला पटायची, नंतर नंतर ते फार तेच तेच लिहायला लागले.

सगळं सुरळीत चाललं होतं. तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी प्रबंध हातात घेतला. सासूबाई शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या, आणि घरात आलेल्या लग्नपत्रिकांमधल्यासुद्धा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. पान उलटता उलटता त्या थांबल्या.

"हे तत्रैव कोण गं?"

बाईंनी आदराने सांगितलं की फार मोठे व्यापारतज्ज्ञ आहेत. सासूबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वर्गात त्या असा चष्मा काढून ठेवत, तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत सगळे गप्प होत.

"अगं, तत्रैव म्हणजे तिथंच. वरच्या ओळीत ज्या पुस्तकाचं नाव दिलंय, त्याच पुस्तकात. पुन्हा पुन्हा नाव लिहायला नको म्हणून घालतात तो शब्द. माणूस नाही तो."

नोकरी, खुर्ची, तो सुट्टीत येऊन खुर्ची हलवणारा, सगळं बाईंच्या डोळ्यांपुढून गेलं. सासूबाई म्हणाल्या, जा आणि खरं काय ते सांगून मोकळी हो. नवरा बूट घालत होता. तो तेवढ्यात म्हणाला की माणूस नसला तरी बोललाय अगदी बरोबर.

तोंडी परीक्षा विभागाच्या बैठकीच्या खोलीत होती. लांब टेबल, एक कुरकुरणारा पंखा, बिस्किटांची एक बशी (परीक्षार्थींनी तिच्याकडे बघायचं नसतं). पलीकडे मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि बाहेरून आलेले परीक्षक. या परीक्षकांचा 'तत्रैव यांच्या मर्यादा' नावाचा लेख त्या वर्तुळात बराच गाजलेला होता. त्यांनी बोटं एकमेकांत गुंतवली आणि विचारलं की तत्रैव आयुष्यभर मोठमोठ्या उद्योगांवर लिहीत राहिले, ते उतारवयात छत्रीसारख्या किरकोळ वस्तूकडे कसे वळले?

बाईंनी सगळं सांगून टाकलं. तत्रैव नावाचं कोणी नाही, तत्रैव म्हणजे तिथंच, चूक माझी आहे, क्षमा असावी.

मग बाहेरचे परीक्षक शांतपणे म्हणाले, "हे जे विधान तुम्ही केलंत, याला आधार?"

"माझ्या सासूबाई."

मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला. "आधी पती, आता सासूबाई. बाई, हा प्रबंध आहे, घर नाही."

सासूबाईंचं याविषयी काही प्रकाशित आहे का, अशी विचारणा झाली. नव्हतं. बाईंनी काकुळतीला येऊन शब्दकोश बघा म्हटलं. विभागप्रमुख स्वतः उठून शब्दकोश घेऊन आले, पान काढलं, वाचलं, 'तत्रैव : तेथेच', आणि खुर्चीत बसताना ते जरा जपूनच बसले. बाहेरच्या परीक्षकांनी मात्र शब्दकोश हळूच मिटला.

"शब्दकोशात शब्दाचा अर्थ असतो," ते म्हणाले. "आपण माणसाबद्दल बोलतो आहोत. माझ्या मेहुण्याला सगळे राजा म्हणतात. तो कुठं राज्य करतो?"

मग परीक्षकांनी परिस्थिती मांडली, आणि ती मांडताना त्यांचा आवाज फार मायाळू झाला होता. तत्रैव गेले, तर बाईंच्या वाक्याचा आधार गेला. आधार गेला, तर वाक्य गेलं. वाक्य गेलं, तर प्रबंधात उरतात ती छत्र्यांची चित्रं. आणि तत्रैव एकटे थोडेच जाणार? ते साबण घेऊन जातील, बँका घेऊन जातील. इथे त्यांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं, विभागप्रमुखांनी मार्गदर्शकांकडे आणि मार्गदर्शकांनी बिस्किटांकडे.

"तेव्हा शेवटचा प्रश्न," परीक्षकांनी पेन उघडलं. "नोंदीसाठी हवाय. तत्रैव यांनी हे छत्रीविषयीचं मत नेमकं कुठं मांडलंय?"

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. खोटं बोलायचं नाही, हे त्यांनी सासूबाईंना शब्द देऊन ठरवलेलं होतं. आणि नोकरीही हवी होती.

"तिथंच," बाई म्हणाल्या.

परीक्षकांनी लिहून घेतलं. टेबलापलीकडच्या तिघांचाही जीव भांड्यात पडला, आणि बशी बाईंच्या पुढे सरकवण्यात आली. पदवी जाहीर झाली, नोकरी कायम झाली, खुर्चीचा पाय तेवढा अजून डुगडुगतो.

पुढे बाईंच्या प्रबंधाचा आधार घेऊन एकाने लेख लिहिला, लेखाचा आधार घेऊन अहवाल निघाला (वर्तुळं अतिशय रंगीत), आणि अहवालाचा आधार घेऊन वर्तमानपत्राच्या व्यापाराच्या पानावर ठळक चौकट आली : 'गिऱ्हाईक परत येते ते विस्मरणामुळे – ज्येष्ठ छत्रीतज्ज्ञ तत्रैव'. नवऱ्याने ती चौकट कापली, काचेच्या फ्रेममध्ये घातली आणि दुकानात पिंपाच्या बरोबर वर टांगली. बाई दुकानात आल्या तेव्हा तो स्टुलावर उभा राहून फ्रेम सरळ करत होता. इतका खूश तो लग्नातही नव्हता.

"मी म्हणत होतो ना?" तो म्हणाला. "पण मला कोण विचारतंय."

बाईंना भरून आलं. त्या म्हणाल्या, "अहो, हे तुम्हीच बोलला होतात. जेवताना. पहिल्यांदा तुम्हीच."

"बोललो असेन गं," तो स्टुलावरून उतरत म्हणाला. "पण त्यांनी लिहिलंय."

यावर वाचकांनी हसू नये. या कथेच्या पहिल्याच वाक्यात 'असं जाणकार मानतात' म्हटलेलं आहे. कुठले जाणकार, असं आपल्यापैकी एकानेही विचारलं नाही, उलट मान डोलावली आणि पुढे वाचायला लागलात. आता विचारताच आहात तर सांगतो, जाणकार दुपारी जरा पडलेले असतात, बाकी वेळ दुकानातच भेटतात. एकदा जाऊन या. मागच्या पावसाळ्यापासून आपली ती काळी छत्री सापडत नाहीये ना, तीही तिथंच आहे.