बटणाचं दार

गाडी घ्यायची हे ठरलं होतं. सात जण बसतील अशी घ्यायची हेही ठरलं होतं, कारण नानांच्या सासूबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती आणि छोट्या गाडीत वाकून शिरणं त्यांना जमत नव्हतं. राहिला होता एकच प्रश्न. मागचं दार हाताने सरकवायचं की बटणाने?

"हाताचं घ्या," नानी म्हणाल्या. "देवाने दोन हात दिलेत."

नानांनी शोरूममध्ये ते बटण एकदा दाबून पाहिलं. दार एखाद्या दरबारी सेवकासारखं अदबीने बाजूला झालं. पुन्हा दाबलं, दार तितक्याच अदबीने मिटलं. घरात किंवा कचेरीत नानांच्या एका बोटावर आजवर काहीच हललं नव्हतं. त्यांना भरून आलं.

"बटणाचं," ते म्हणाले. (लग्नानंतर नानींचा सल्ला डावलून घेतलेला हा त्यांचा दुसरा निर्णय. पहिल्याबद्दल घरात आजही कुणी बोलत नाही.)

नाना पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसत. माणूस मुळात वाईट नव्हता, पण वर्षानुवर्षं त्या खिडकीत बसून त्यांना एक कला अवगत झाली होती. समोरचा कितीही तावातावाने आला तरी जाताना तो स्वतःच्याच नळाला शिव्या घालत जाई. "तुमच्या भागातून दुसरी तक्रार नाही," हे वाक्य नाना इतक्या मायेने म्हणत, की ऐकणाऱ्याला आपण एकटेच कुठेतरी चुकलो असं वाटे.

तर ती गाडी आली. पांढरी, लांबलचक, उजव्या अंगाला मागे दारच नाही. मागच्या दोन्ही रांगांतल्या माणसांनी चढायचं-उतरायचं ते डावीकडच्या त्या एकाच सरकत्या दाराने. काही आठवडे सुखात गेले. नाना कारण नसताना बटण दाबत, शेजारी बघतात का ते बघत.

मग एके दिवशी भर बाजाराच्या चौकात, लाल सिग्नलला, दार आपोआप उघडलं.

नेमकी तेव्हा गाडीत चर्चा चालू होती. (नाना त्याला चर्चा म्हणतात.) विषय होता नानांच्या बहिणीने परत न केलेला मिक्सर. नानी मागे सासूबाईंजवळ बसल्या होत्या आणि त्यांचा आवाज वरच्या पट्टीत लागला होता. त्याच क्षणी दार सरकलं, आणि सगळा चौक श्रोता झाला.

"...तिला साधं विचारायची तुमची हिंमत नाही! माझ्यापुढे मात्र आवाज चढतो!"

शेजारी स्कूटरवर एक गृहस्थ थांबले होते. त्यांनी हेल्मेटची काच वर केली, आत डोकावलं, नीट ऐकून घेतलं आणि नानांना म्हणाले, "साहेब, ताईंचं बरोबर आहे."

"हो ना?" नानी म्हणाल्या. "सांगा तुम्हीच!"

"मिक्सर परत आणा," गृहस्थ म्हणाले. सिग्नल हिरवा झाला आणि ते निघून गेले. मागून हॉर्न वाजू लागले. नाना बटण दाबत राहिले. दार ढिम्म. शेवटी नानींनी देवाने दिलेल्या दोन हातांनी ते ओढून लावलं.

दुसऱ्याच दिवशी नाना कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काय थाट! खालची फरशी आरशासारखी. कॉफीचं यंत्र. एका काचेतून आपली गाडी वर टांगलेली बघायची सोय, म्हणजे नातेवाइकाला ऑपरेशन दिसावं तसं. सर्व्हिस ॲडव्हायझर नावाचा एक तरतरीत तरुण टाय लावून पुढे आला.

"बोला सर!"

"दार आपोआप उघडतं."

ॲडव्हायझरने बटण दाबलं. दार उघडलं. परत दाबलं, मिटलं. पुन्हा, पुन्हा. नानांच्या आयुष्यात ते दार इतकं सज्जनासारखं कधी वागलं नव्हतं. शाळेत गुरुजींसमोर हाताची घडी घालून बसणारी मुलं असतात, तसं.

"चालतंय की, सर."

"इथे चालतंय. चौकात उघडतं."

"कधी उघडतं? ब्रेक मारल्यावर? वळताना?"

"बायको बोलत असताना," नाना म्हणाले आणि लगेच त्यांना वाटलं, हे बोलायला नको होतं.

ॲडव्हायझर हसला नाही. त्याला तसं शिकवलं असावं. तो अत्यंत मायेने म्हणाला, "सर, या मॉडेलमध्ये अशी दुसरी तक्रार नाही आमच्याकडे."

नाना चमकले. ते वाक्य, तो स्वर, मान किंचित तिरकी करून पोचवलेली ती सहानुभूती! एखाद्या जुन्या गवयाला परक्या गावात आपल्याच घराण्याची तान ऐकू यावी, तसं झालं त्यांना. रागावायला आले होते ते मनातल्या मनात दाद देऊन बसले.

संध्याकाळी गाडी परत मिळाली. सॉफ्टवेअर अपडेट केलं होतं आणि वर गाडी फुकटात धुऊन दिली होती. "सर, कंपनीतून फोन येईल," ॲडव्हायझर म्हणाला. "दहापैकी दहा द्या हं. नऊ दिले तरी आम्ही नापास होतो." नानांनी दहा दिले. गाडी चकचकीत दिसत होती.

अपडेटचा गुण आला. दार आता आपोआप उघडेना. पण मुद्दाम उघडावं तर तेही उघडेना.

हे कळलं कुठे? इस्पितळाच्या दारात. सासूबाईंना गुडघे दाखवायला नेलं होतं, नानी मागे त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. नानांनी बटण दाबलं. ट्रूं असा एक आवाज आला आणि संपला. बाहेरून ओढलं, आतून ढकललं, काही नाही. नानी पुढच्या दोन सीटमधल्या फटीतून कशाबशा बाहेर आल्या. सासूबाईंना मात्र पाय तेवढे वाकवता येईनात.

"डिकीतून काढू," नाना म्हणाले.

"मी काय स्टेपनी आहे?" सासूबाई आतून ओरडल्या.

पण दुसरा उपाय नव्हता. मागची सीट पाडली. सासूबाई आडव्या झाल्या आणि पाय पुढे करून, सतरंजीवरून सरकत, डिकीतून हळूहळू बाहेर येऊ लागल्या. ते दृश्य बघून इस्पितळातले दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावत आले. "बाजूला व्हा, बाजूला व्हा! काय झालं आजींना?"

"मला काही झालं नाही!" सासूबाई ओरडल्या.

"शुद्धीवर आहेत!" एक वॉर्डबॉय आनंदाने म्हणाला, आणि त्यांनी त्यांना उचलून थेट अपघात विभागात नेलं. सासूबाईंनी काठीने प्रतिकार केला तेव्हा नर्सने 'पेशंट गोंधळलेल्या अवस्थेत' अशी नोंद केली. त्यांना सोडवून आणेपर्यंत गुडघ्यांचे डॉक्टर निघून गेले होते.

"जावईबापू," परतताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "यापुढे मी पुढे बसणार."

दुसऱ्या फेरीला नाना एकटे गेले नाहीत. म्हणजे त्यांना एकटं जाऊ दिलं नाही. नानीही आल्या, सासूबाईही.

"दार उघडत नाही," नानी ॲडव्हायझरला म्हणाल्या.

त्याने टॅबलेटवर बोट फिरवलं. "मॅडम, तुमची तक्रार होती की दार आपोआप उघडतं. ती आता सुटली ना?"

नानांनी खाली मान घातली. गेल्याच आठवड्यात गढूळ पाण्याची तक्रार घेऊन आलेल्या एका आजोबांना ते म्हणाले होते, "आता पाणीच येत नाही ना? म्हणजे गढूळ येत नाही." ते खिडकीच्या आत बसून फार चतुर वाटलं होतं. बाहेर उभं राहून ऐकलं तर कानाखाली मारल्यासारखं लागत होतं.

"मॅनेजरला बोलवा," नानी म्हणाल्या.

मॅनेजर आले. भरदार गृहस्थ, सूटमध्ये कसेबसे मावलेले. त्यांनी बटण दाबलं. दार लोण्यासारखं उघडलं. "बघा," ते दोन्ही हात पसरून म्हणाले.

"छान," नानी म्हणाल्या. "मग बसा की. एक चक्कर मारू."

मॅनेजर हसत आत चढले. ॲडव्हायझर त्यांच्या शेजारी. नानांना अगदी मागच्या रांगेत पाठवण्यात आलं. नानी चालवायला बसल्या, सासूबाई त्यांच्या शेजारी. नानींनी बाजारापलीकडच्या मैदानाला दोन वळसे घातले, वाटेतले सगळे खड्डे घेतले, एका चहाच्या टपरीसमोर उन्हात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"उतरा, चहा घेऊ," त्या म्हणाल्या आणि स्वतः उतरल्या.

मॅनेजरनी बटण दाबलं. काही झालं नाही. आतली कडी ओढली. तीही निर्जीव. ॲडव्हायझरने खांदा लावला. दाराने दाद दिली नाही. मागच्या काचा उघडत्या नव्हत्या. डिकी आतून उघडत नव्हती. पुढच्या सीटांमधून निसटावं, तर सासूबाईंनी सीट मागे लोटून पाय लांब केले होते आणि त्या फटीत काठी आडवी धरली होती.

"आजी, जरा..." ॲडव्हायझर म्हणाला.

"बाळा, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय रे माझं. धक्का लागला तर बघ."

मॅनेजरनी घाम पुसत आपल्याच सेंटरला फोन लावला. आधी बराच वेळ बासरी वाजली. मग एक गोड आवाज आला.

"दार उघडत नाही," मॅनेजर म्हणाले.

"सर, ते नॉर्मल आहे. गाडी सेंटरला घेऊन या."

"अगं, मी मॅनेजर बोलतोय!"

"हो सर. आपला गाडी नंबर सांगता का?"

पुढच्या काचेची फट सोडली तर हवा नव्हती. सूट गळत चालला. मॅनेजर हताश होऊन मागे वळले आणि नानांना म्हणाले, "साहेब, मोटरच गेलेली दिसतेय. सगळं दार बदलावं लागेल. वरून मला परवानगी मिळणार नाही. मी करू तरी काय?"

आणि इथे नानांचा घात झाला. समोर एक गांजलेला अधिकारी होता, त्याच्यापुढे तक्रार होती. वर्षानुवर्षांची सवय उसळून वर आली. ते पुढे झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कबूल करायचंच नाही. 'विचाराधीन आहे' म्हणायचं. म्हणजे नाही पण म्हटलं नाही, आणि हो पण नाही. माणसं आपोआप दमतात हो."

मॅनेजरचे डोळे चमकले.

तेवढ्यात नानी चहाचा कप घेऊन पुढच्या काचेशी आल्या. "मग? नवीन दार बसवून देताय ना?"

"मॅडम," मॅनेजर म्हणाले, "विचाराधीन आहे."

नानींचा कप ओठांपाशीच थांबला. हे दोन शब्द त्या घरात बावीस वर्षं ऐकत आल्या होत्या. माहेरी जाण्यापासून स्वयंपाकघराला रंग देण्यापर्यंत सगळं विचाराधीन होतं. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं नाही. त्यांच्या खांद्यावरून मागच्या रांगेकडे पाहिलं.

"हे कुणी शिकवलं?"

 ॲडव्हायझरने, ज्याला काहीही कबूल न करण्याचं रीतसर प्रशिक्षण मिळालं होतं, सरळ बोट दाखवलं. "सरांनी."

"अगं, मी आपलं त्यांना धीर..." नाना म्हणाले.

"आई," नानी म्हणाल्या, "तुला आणखी एक चहा आणते. सावकाश पिऊ." आणि त्या खरंच गेल्या. त्यानंतर भजी आली. सासूबाईंनी ती एकेक करून, वास मागे जाईल अशा बेताने खाल्ली. तिसऱ्या भज्याला मॅनेजर फुटले. वर फोन केला, घसा फोडून भांडले, 'माणसं मरतील' असं स्वतःच्याच कंपनीला ऐकवलं आणि आख्खं नवीन दार, नवीन मोटर मंजूर करून घेतलं. एखादं गिऱ्हाईकही त्या कंपनीशी इतक्या पोटतिडकीने भांडल्याचं याआधी कुणी ऐकलं नव्हतं. मग नानींनी बाहेरून डिकी उघडली आणि मागचे तिघं तिथून, पाय पुढे करून, बाहेर आले. नाना सर्वांत शेवटी.

 दुसऱ्या दिवशी नानांनी कचेरीत त्या गढूळ पाण्याच्या आजोबांचा पत्ता शोधला आणि ते स्वतः खात्याच्या फिटरला घेऊन तिकडे गेले. आजोबांनी दार उघडलं, त्यांना ओळखलं आणि बंद केलं.

नवीन दार बसलं, आणि अगदी छान बसलं. गाडी ताब्यात देताना सेंटरवाल्यांनी लाल फीत बांधली. भिंतीवर 'आमचे समाधानी ग्राहक' असा फलक होता, त्यावर लावायला फोटो हवा होता. मधोमध नानी, एका बाजूला काठीसह सासूबाई, दुसऱ्या बाजूला मॅनेजर आणि ॲडव्हायझर, मागे गाडी.

"सर, तुम्ही जरा काढता का?" ॲडव्हायझरने मोबाइल नानांच्या हातात दिला. नानांनी मन लावून तीन काढले.

पुढची सर्व्हिसिंग आली तेव्हा नाना एकटेच गाडी घेऊन गेले. किल्ली दिली आणि कॉफीच्या यंत्राकडे वळले, तोच नव्या सिक्युरिटी गार्डने हात आडवा घातला.

"काका, ड्रायव्हर लोकांनी मागच्या शेडमध्ये बसायचं."

"अहो, माझी गाडी आहे ती!" नाना म्हणाले आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "बघा, तीच गाडी!"

गार्डने जवळ जाऊन फोटो नीट पाहिला. एकदा फोटोकडे, एकदा नानांकडे.

"यात तुम्ही कुठे आहात?"

"मी फोटो काढत होतो."

"तेच म्हणतोय मी," गार्ड समजुतीने म्हणाला. "मागे बसा. मॅडम आल्या की हाक मारतो."