थर्मामीटरवाला पाहुणा

मारोती भोयर लग्नाला निघाला की आहेराचं पाकीट एखादे वेळी घरी विसरतो, पण पिशवीतला थर्मामीटर कधी विसरत नाही. मांडवात शिरल्यावर तो नवरी बघत नाही की जेवणाचा वास घेत नाही. एकेका खांबाला थर्मामीटर लावून दोन-दोन मिनिटं उभा राहतो आणि मग सरळ भटजींकडे जाऊन माइक मागतो. एका लग्नात त्याने मंगलाष्टकाच्या मधेच माइक घेतला. भटजी श्वास घ्यायला थांबले होते, तेवढ्यात हा म्हणाला, "मंडपात त्रेचाळीस आहे. म्हातारे अन् लेकरं पंख्याखाली सरका. पाणी पिऊन घ्या." भटजींनी सवयीने त्यालाच जोडून "सावधान" म्हटलं.

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत तो आमच्या समोरच्या घरात राहतो. लाइनमन होता. लग्न केलं नाही. आईची सेवा केली, दोन बहिणींची लग्नं करून दिली, मग स्वतःचं वय निघून गेलं. रिटायर झाला आणि आठ दिवसांत लोकांच्या छतांवर चढायला लागला. इतकी वर्षं खांबावर चढलेला माणूस, जमिनीवर त्याला करमेना.

कुणाच्या घरी गेला तर बरे आहात का, असं विचारत नाही. आधी वर बघतो. "स्लॅब हाये का टिना?" टिना असल्या तर त्याचा चेहरा पडतो, जसं काही घरात कुणी आजारी आहे. आणि एक वाक्य त्याच्या तोंडात कायम असतं: "हे ऊन आता जुनं ऊन नाई राह्यलं."

मला पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी विचारलं, "काऊन, सूर्य बदलून आणला काय तुनं?"

"सूर्य तोच हाये, वयनी. आपण खालून बदललो. जिथं तिथं सिमेंट टाकलं, झाडं तोडली, अन् जो तो आपल्या घरातली गरमी रस्त्यावर फेकून राह्यला. मंग रस्ता कुठं फेकन?"

मी त्याला चहा दिला.

एका मार्चमध्ये तो सकाळी सहाला चुन्याची बादली घेऊन माझ्या दारात उभा. वर माझ्या कुरडया वाळत होत्या.

"वयनी, कुरडया उचला. छत पांढरं करतो. ऊन परत जाते वरतं."

"परत गेलं तर माह्या कुरडया कोण वाळवन, तुहा बाप?"

तरी त्याने केलंच. चार दिवस घरभर पांढरी पावलं उमटली. माझी नात पल्लवी म्हणाली, "आजी, लक्ष्मी आल्यासारखं वाटते." लक्ष्मी कसली, नऊ नंबरच्या चपलेचा मारोती होता तो. पण खालची खोली निवली, हे खोटं कशाला बोलू. दुपारी पंख्याचं वारं वाऱ्यासारखं लागायला लागलं. मी त्याला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रोज मोजायला आला असता. तो तसाही आला.

पुढे शहरात उन्हाची समिती निघाली, आणि उन्हात हिंडणारा दुसरा माणूस नसल्यामुळे त्याला तिचा प्रमुख केलं. पहिली सभा एसीच्या हॉलमध्ये होती. मारोतीने टेबलावर थर्मामीटर ठेवला, तो बघितला आणि उठून म्हणाला, "इथं बावीस हाये. इथं बसून उन्हाचं काय समजन आपल्याले?" पुढची सभा त्याने भाजीबाजारात लावली, मे महिन्यात, दुपारी दोनला. साहेब लोक आले. चहा नाही, भाषण नाही. भाजीवाल्या बाया त्यांच्याकडे बघून हसत होत्या. दहा मिनिटांत ओट्यांवर सावलीसाठी हिरवी जाळी टाकायचं मंजूर झालं. त्यातला एक साहेब तर म्हणाला, आजच टाका. आता तिथल्या बाया पालकावर पाणी मारता मारता मारोतीलाही दोन थेंब मारतात. तो चिडत नाही.

बस थांब्यावर सावली आली, चौकाचौकात माठ आले, दुपारच्या शाळा सकाळच्या झाल्या. हे सगळं त्याने लोकांचं डोकं खाऊन केलं. त्याचं काम चांगलं आहे. तो माणूस मात्र सहन होत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

लग्नांच्या मागे का लागला, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "वयनी, चारशे माणसं एका जागी, भर दुपारी, जाड कपड्यात, अन् उपाशी. याच्याहून धोक्याची जागा दाखवा मले वर्ध्यात." हिशेब बरोबर होता. पण लग्नघरात कुणाला बरोबर हिशेब नको असतो.

मग एका कापड दुकानदाराच्या मुलाचं लग्न आलं. नवरदेव घोड्यावर, अंगात जाड शेरवानी, डोक्यावर फेटा. मारोतीने नवीन थर्मामीटर आणला होता, लांब वायर असलेला. नवरदेवाच्या डोक्यात किती गरमी आहे हे बघायला त्याने वायरचं टोक फेट्यात खुपसलं. मागच्या बायांनी एवढंच पाहिलं की नवरदेवाला थर्मामीटर लावला. मांडवात बातमी गेली, नवरदेवाला ताप आहे. नवरीच्या मामापर्यंत पोचेस्तोवर त्याचा टायफॉइड झाला होता. मामा अडून बसला, रक्त तपासल्याशिवाय लग्न लागणार नाही. मुहूर्त गेला. रक्त चांगलं निघालं. लग्न संध्याकाळी लागलं, आणि मारोतीने जाहीर केलं की पाहा, संध्याकाळी मंडपात फक्त चौतीस होतं.

त्या दिवसापासून त्याला कुणी पत्रिका देईना. एक सबंध मे गेला. गल्लीत सहा लग्नं झाली, सहाही घरांच्या पत्रिका त्याचं दार सोडून पुढे गेल्या. तो ओट्यावर बसून असायचा. पत्रिकावाले येताना दिसले की उठून आत जायचा, त्यांना अवघड व्हायला नको म्हणून. हे मी माझ्या खिडकीतून सहा वेळा पाहिलं.

यंदा पल्लवीचं लग्न ठरलं. सोयरे हिंगणीचे, शेतीवाले, माणसं बरी. लग्न त्यांच्याच गावात, मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा. सुनील, माझा मुलगा, पत्रिकांवर नावं टाकत होता.

"माय, मारोतीकाकाले पत्रिका नाई द्याची हां."

"काऊन?"

"सोयरे नवीन हायेत. जवायाच्या डोक्यात वायर घातली त्यानं, तर मी काय सांगू त्याइले?"

सुनील आंघोळीला गेल्यावर एक पत्रिका उचलली आणि समोर गेले. मला दया वगैरे आली नव्हती. एका गल्लीत राहून रोज तोंड बघायचं आणि पत्रिका द्यायची नाही, हे मला जमत नाही, एवढंच.

त्याने हात धुतले, पुसले, मग पत्रिका घेतली. सगळी वाचली, खाली किलबिल करणाऱ्या पोरांची नावंसुद्धा.

मी म्हटलं, "अट हाये. थर्मामीटर नाई आणाचा. माइक नाई. कोणाले काही सांगाचं नाई. गुपचूप बसाचं अन् जेवाचं."

"थर्मामीटर नाई?"

"नाई."

"मंग मी करू काय तिथं, वयनी?"

मला वाटलं, थट्टा करतो आहे. "लोकं काय करतात? बसतात."

"बसतात, पण बसून काय करतात?" त्याने अगदी खरं विचारलं. "माहे सारे मे महिने खांबावर गेले. लग्नसराई आली का लोड वाढे, खांबावरची डीपी उडे. खालतं लग्न लागे, मी वरतं. धाकट्या बहिणीचं लग्न लागलं तवा मी जाम गावाले डीपीवर होतो. लागलं म्हून कोणीतरी फोनवर सांगतलं. रिटायर झालो अन् लग्नाइले जाऊ लागलो, तं तिथं हात कुठं ठेवाचे हेच समजे ना. थर्मामीटर असला का बरं राह्यते. काम असते हाताले."

मी म्हटलं, "येजो," आणि घरी आले. तिथे थांबून काय करणार होते.

तो आला. नवा पांढरा शर्ट, दाढी गुळगुळीत. माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर, जसा फोटो काढून घ्यायला बसला आहे. सुनीलने दुरून पाहिलं आणि माझ्याकडे डोळे वटारले. मी दुसरीकडे पाहिलं.

मांडव चारही बाजूंनी पडद्यांनी बंद. बारा पाच झाले, साडेबारा झाले. कुणी एक पुढारी आशीर्वाद द्यायला येणार होता, म्हणून सगळं थांबलं होतं. दारात बँडवाले लाल कोटात उभे. मारोतीचा हात सारखा पिशवी असायची तिथे जायचा आणि रिकामाच परत यायचा. मग तो पुढे एकाच जागी बघायला लागला. तिकडे नवरदेवाची आजी बसली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुमीच बोलू नको म्हणलं."

"आता बोल."

"त्या म्हातारीचा घाम बंद झाला, वयनी. मघापासून कोरडी हाये. असं चांगलं नसते."

मी उठले आणि भटजींच्या हातातला माइक घेतला. "मी नवरीची आजी बोलते. सगळे पडदे वर करा. बँडवाल्याइनं कोट काढा. नवरदेवानंही काढा. पुढारी येईन तवा येईन. लग्न आता लावा."

सुनीलने कपाळाला हात लावला. कोट सगळ्यात आधी नवरदेवानेच काढला.

तोवर मारोतीने दोन माणसांच्या मदतीने म्हातारीला बाहेर कडुलिंबाखाली नेलं होतं, मानेवर ओला दुपट्टा, डोक्यावर पाणी. थोड्या वेळाने तिचा आवाज मांडवात आला, "कोण हाये रे हा मेला, माह्या नव्या लुगड्यावर पाणी टाकून राह्यला?" तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं.

तो कोपरापर्यंत भिजून परत आला आणि खुर्चीवर बसला. कुणीतरी त्याच्या हातात अक्षता दिल्या. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलं संपलं, सगळ्यांनी टाकल्या, याची मूठ बंद. दुसरं संपलं, तरी बंद. मग तो माझ्याकडे वाकला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, हळू आवाजात विचारतो, "वयनी, हे सारे एकदम टाकाचे, का थोडे थोडे?"

"थोडे थोडे. माह्यासंग टाकजो."

ओल्या हातात तांदळाचा गोळा झाला होता. तो त्याने बोटाने मोकळा केला, दाणा दाणा. पुढच्या खेपेला मी हात उचलला, त्याने माझ्या हाताकडे बघून आपला उचलला. त्याच्या पुढच्या खेपेलाही तसंच. शेवटच्या मंगलाष्टकाला सगळे उभे राहिले. मारोतीने टाचा उंच केल्या, उरलेली मूठ सगळ्या डोक्यांच्या वरून लांब भिरकावली, आणि माझ्याकडे बघायचं विसरला.