उद्याच्या घासाची गोडी

"आई, हा आकडा एकपेक्षा कमीच घ्यायचा असतो," सून तिसऱ्यांदा म्हणाली.

नियोजन खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या अक्कांवर बावन्नाव्या वर्षी गणित शिकायची पाळी आली होती. पुढल्या तीस वर्षांचा अंदाज बांधणारं नवं आर्थिक मॉडेल शुक्रवारपर्यंत ज्याला जमणार नाही, त्याची रवानगी तळघरातल्या जुन्या फायलींत होणार होती. अक्कांना धुळीने दमा उठे. सून कॉलेजात गणित शिकवायची, म्हणून जेवणाच्या टेबलावरच शिकवणी सुरू झाली.

"समजा, एका घरात ठरावीक धान्य आहे. ते तीस वर्षं पुरवायचंय. कुठल्या वर्षी किती खायचं, हे मॉडेल सांगतं. फक्त उद्याच्या घासाची गोडी आजच्यापेक्षा जरा कमी धरायची. शून्य पूर्णांक पंचाण्णव."

"कमी का म्हणून? माणसानं आधी उद्याचं बघावं!"

"माणसं तशी नसतात हो, आई."

"तुमच्या पिढीची नसतील!"

शुक्रवारी अक्कांनी सगळी समीकरणं बिनचूक मांडली. पण त्या आकड्यापाशी हात अडला. असल्या उधळेपणावर सही करणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी सरळ एक पूर्णांक पाच शतांश घातला आणि आलेख साहेबांकडे पाठवून दिला.

आलेखातली माणसं पहिली काही वर्षं जेमतेम चिमूटभर खात होती आणि तिसाव्या वर्षी पंगतच झोडत होती. साहेबांनी घाईघाईने कागद ओढला. "लोक खरेदी थांबवणार!" त्यांनी टिपण लिहिलं. नव्याने शिकून आलेल्या तिघा हुशार मंडळींनी 'तपासले' म्हणून सह्या ठोकल्या. बारा वाजता टिपण संचालकांकडे गेलं. साडेबाराला बैठक बसली आणि एकच्या सुमाराला संचालकांनी मंत्र्यांच्या कार्यालयाला फोन जोडायला सांगितला.

बाहेर ही धावपळ पाहून अक्कांनी सुनेला फोन लावला.

"आई, आकडा किती घातलात?"

अक्कांनी सांगितला.

"अहो, पण का?"

"पटेना गं मला!"

"आधी आत जा आणि सांगून टाका!"

तळघर अक्कांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. तरीही त्यांनी दार ढकललं. "साहेब, फोन ठेवा. लोक खाणार आहेत. चूक माझी आहे."

संचालकांनी रिसीव्हर ठेवला, घाम पुसला आणि सह्या करणाऱ्या तिघांकडे असं पाहिलं की तिघेही टेबलाखाली पडलेलं पेन शोधू लागले. मग अक्कांना थांबवून, बाकी सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी दार लावून घेतलं. आता तळघरच, असं अक्कांनी धरून चाललं.

"अक्का, खरं सांगू का?" संचालक हळूच म्हणाले. "तो आकडा एकपेक्षा कमी का, हे मलाही कधी कळलं नाही. विचारणार कोणाला?"

अक्कांच्या जिवात जीव आला. सुनेचे शब्द आठवायला गेल्या, तर एकही आठवेना. "साहेब, जेवलात का तुम्ही?"

"कुठलं जेवण! म्हटलं, आता संध्याकाळीच जेवू."

"आणि भूक?"

"कावळे कोकलतायत पोटात!"

"मग समोरचा डबा संध्याकाळपर्यंत ठेवायचा म्हटलं तर?"

संचालकांचा हात आपसूक डब्याकडे गेला. त्यांनी झाकण उघडून पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"हं," अक्का म्हणाल्या आणि स्वतःच चकित झाल्या. "आत्ता कळलं मला."

"मलाही," तोंडात घास असलेले संचालक म्हणाले. "सोमवारपासून त्या तिघांना तुम्हीच शिकवा."