नर उपटलेलं शेत

चार दिवसांचं प्रशिक्षण उरकून गाव्रिल रोमेनियातल्या आपल्या गावी परतला तेव्हा त्याच्या काखेत एक जाडजूड फाइल होती आणि शेतातलं निम्मं पीक गायब होतं.

आधी त्याला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या बांधावर आलो. पण कुंपणावरची पाटी त्याचीच होती. तिच्यावर परवान्याचा क्रमांक, खाली 'औद्योगिक हेम्प' आणि त्याखाली जाड अक्षरांत 'तपासणी होईपर्यंत एकाही झाडाला हात लावू नये'. हेम्प म्हणजे भांगेच्याच कुळातलं झाड, फक्त नशा न चढणारं. पण नात्यातला एक जण वाया गेला की साऱ्या कुळावर पाळत राहते, तसं सरकार त्याच्यावर नजर ठेवून असतं. पाटीमागच्या पाऊण एकरात मादी झाडं डोक्याच्या वर, हिरवीगार उभी होती. त्यांच्यामधले नर मात्र एकूण एक नाहीसे झाले होते. ते होते तिथं बोटभर खड्डे उरले होते आणि खड्ड्यांभोवती रबरी बुटांचे बारीक बारीक ठसे.

उद्या सकाळी नऊला तपासणीच्या बाई येणार होत्या.

प्रश्न नुसत्या पिकाचा असता तर गाव्रिलनं त्सुइकाचे, म्हणजे प्लमच्या दारूचे, दोन घोट घेऊन दुःख गिळलं असतं. पण त्याची बायको व्हिओरिका पाच वर्षं इटलीत, बोलोन्याला, अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीची सेवा करत होती. दर रविवारी फोनवर तो म्हणायचा, ये. ती विचारायची, कशावर येऊ? या वसंतात त्यानं परवाना काढला, तेव्हा तिनं पहिल्यांदा तो प्रश्न विचारला नाही. मग म्हणाली, "हे पीक नीट हाती आलं तर मी बॅग भरते. नाही आलं तर पुन्हा विषय काढू नकोस." तेव्हापासून गाव्रिल त्या शेताला जपत होता. प्रशिक्षणातही तो पहिल्या बाकावर बसला होता. हेम्पच्या बियांचं तेल निघतं, पीठ होतं, काडीच्या विटा होतात, भिंतीत भरायची गादी होते, साबण होतो, मोटारीच्या दाराच्या आतलं अस्तरसुद्धा होतं, हे सगळं त्यानं उतरवून घेतलं होतं. त्याला वाटत होतं, यातलं एखादं तरी व्हिओरिकाला घरी आणेल.

घरी त्याची आई नास्तासिया ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळेहिरवे झाले होते.

"आई, शेतातले नर कुठं गेले?"

"उपटले," ती मान वर न करता म्हणाली. "धूळ उडून गेली होती त्यांची, पिवळे पडायला लागले होते. अकराजणी लागलो, एका दिवसात उरकलं. तुझी वाट बघत बसले असते तर गाव काय म्हणालं असतं?"

"काय म्हणालं असतं?"

"की या घरात बाई नाही."

आईचं काही चुकलं नव्हतं, हीच पंचाईत होती. त्या भागात हेम्पची कापणी दोनदा होते. नरांचा पराग उडून गेला की ते उन्हाळ्यात उपटायचे, माद्या बियांसाठी शरदापर्यंत ठेवायच्या. हे काम बायकांचं. जुलैतला संत इलियेचा सण उलटून गेला तरी पिवळे नर शेतात दिसले, की चर्चमध्ये त्या घरच्या बाईकडे बघून बाकीच्या कुजबुजायच्या. व्हिओरिका गेल्यापासून नास्तासिया ती लाज एकटीनं वाहत होती. प्रशिक्षणाला जाताना गाव्रिल म्हणाला होता, "शेताकडं लक्ष ठेव." तिनं ठेवलं. परवान्याचा कागद त्यानं स्वतः दहा वेळा वाचला होता. आईला एकदाही वाचून दाखवला नव्हता.

"आणि आता नर आहेत कुठं?"

"नदीत. आणखी कुठं असणार?" नास्तासिया आता त्याच्याकडे काळजीनं बघू लागली. "भिजल्याशिवाय साल सुटून धागा निघेल का? व्हिओरिका येणार म्हणालास ना? तिच्यासाठी चादरी विणायच्यात. पाच वर्षं दुसऱ्याच्या चादरी धुतेय पोर."

यावर रागवायचं कसं, हे गाव्रिलला कळेना. बुडत्या माणसाचं डोकं चालतं तसं त्याचं चालू लागलं. बाईंना शेतात नर दिसले पाहिजेत. नर नदीत आहेत. म्हणजे नर नदीतून काढून शेतात लावले पाहिजेत. या हिशेबात त्याला कुठंही चूक दिसली नाही.

त्यानं गाडी जुंपली आणि नदीच्या वळणावर जाऊन, अकराजणींनी घाम गाळून पेंढ्यांवर रचलेले दगड एकेक करून बाजूला टाकले. उन्हाळ्याच्या दिवसांतली तीन दिवसांची भिजवण होती. काड्या बुळबुळीत, काळपट झाल्या होत्या आणि वासानं घोडासुद्धा तोंड फिरवून उभा राहिला. पेंढ्यांखाली कोंडलेलं काळं पाणी मोकळं होऊन प्रवाहाबरोबर खाली गेलं. गाव्रिलला त्या पाण्याकडे बघायला सवड नव्हती.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तो वाटेकडच्या कडेला नरांच्या ओळी लावत होता. एक काडी खड्ड्यात रोवावी, ती कलावी, दुसरी रोवायला वळावं, तर पहिली झोपलेली. बातमी ऐकून अकराही म्हाताऱ्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांनी हेम्प उपटलं होतं, परत लावताना कुणाला पाहिलं नव्हतं. पारास्किवा म्हातारीनं नास्तासियाला हळूच विचारलं की शहरात याला वेळेवर जेवायला मिळत होतं ना. शेवटी नास्तासियालाच त्याची दया आली. ती सुतळीचा गुंडा घेऊन आत शिरली आणि बाकीच्या तिच्यामागे. त्यांनी एकेक मेलेला नर शेजारच्या जिवंत मादीला बांधून उभा केला. गाव्रिलनं ते बघितलं आणि त्याला स्वतःचीच फार कीव आली.

सकाळी नऊला तपासणीच्या कृषी-इंजिनियर पिंतेआबाई आल्या. तरुण, चष्मा, हातात कात्री आणि नमुन्याच्या कागदी पिशव्या. गाडीतून उतरताच त्यांनी नाकाला रुमाल लावला. त्याच वेळी नदीकडच्या वाटेनं हवालदार कोवाची आला. तो मासेमारी मंडळाचा अध्यक्षही होता, आणि त्याच्या हातातल्या बादलीत पोटं वर केलेले मासे होते. वासाचा माग काढत काढत तो थेट शेतात पोचला होता.

पिंतेआबाईंनी एका नराला बोट लावलं. तो सावकाश कलला आणि मादीच्या गळ्यात पडला.

"हे झाड मेलेलं आहे," बाई म्हणाल्या.

"जरा थकलंय," गाव्रिल म्हणाला.

"हे ओलं आहे. भिजवलेलं आहे."

"पाऊस झाला, बाई."

"तीन आठवडे थेंब नाही, असं दुष्काळाच्या अर्जात तुम्हीच लिहिलंय. परवाच आला तो माझ्याकडं."

तेवढ्यात नास्तासिया पुढे झाली. भरल्या शेतात परक्या बाईनं लेकाला बोलावं, हे तिला सोसलं नाही.

"बाईसाहेब, त्याला नका बोलू. त्यानं काही केलं नाही. नर आम्ही काढले, शोधून शोधून, एकूण एक. आता शेतात निव्वळ माद्याच आहेत. हवं तर मोजून घ्या."

पिंतेआबाईंचा रुमाल खाली आला. कोवाचीनं बादली ठेवून वही काढली. जे लोक चोरून ओढायची भांग लावतात ते नेमकं हेच करतात. नर उपटून टाकतात, म्हणजे माद्या नशेच्या चिकानं भरतात. एवढं दोघांनाही आपापल्या खात्यात शिकवलेलं होतं. ते लोक पराग उडायच्या आत उपटतात आणि नास्तासियानं उडून गेल्यावर उपटले, हा फरक दोघांच्याही पुस्तकात नव्हता.

"किती वर्षं करताय हे, आजी?" कोवाचीनं विचारलं.

"सत्तर. माझ्या आईनं शिकवलं."

"तुम्ही एकट्याच?"

"एकटीला कसं झेपेल? अकराजणी होतो. तुझी आईपण होती की, सगळ्यांत पुढं."

कोवाचीनं वहीतला अकराचा आकडा खोडून दहा केला.

पुढचं सगळं रीतसर झालं. तपासणीआधी झाडांना हात लागला म्हणून परवाना जागच्या जागी रद्द झाला. माद्यांचे शेंडे पिशवीत घालून प्रयोगशाळेला गेले. शेताभोवती लाल-पांढरी फीत आली, पीक आठवड्याच्या आत नांगरून टाकायचा हुकूम आला, माशांचं प्रकरण वेगळ्या कागदावर लिहिलं गेलं. फितीचे फोटो काढायला शहरातून लोक आले आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या रोमेनियाला कळलं की एका खेड्यात दहा आज्यांची टोळी सापडली असून तिचा म्होरक्या गाव्रिल नावाचा इसम आहे. बी विकत घेऊन तेल काढणाऱ्या गिऱ्हाइकानं फोन करून सांगितलं की आपली कधी ओळखच नव्हती असं समजा.

रविवारी गाव्रिलनं बोलोन्याला फोन लावला. व्हिओरिकानं उचलला नाही. पुन्हा लावला, तेव्हा फोन बंद होता. 'पुन्हा विषय काढू नकोस' हे तिचं वाक्य त्याला आठवलं, आणि तो समजायचं ते समजला.

सोमवारी ट्रॅक्टर आला. म्हाताऱ्या बांधावर काळे रुमाल बांधून उभ्या होत्या. "बी भरत आलं होतं रे," नास्तासिया एवढंच म्हणाली आणि रडली. गाव्रिलला रडूही आलं नाही. नांगरणी चालली तेवढ्या वेळात त्याला आपण किती एकटे पडलो आहोत ते कळलं. गुरुवारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. नमुना पूर्ण निर्दोष होता, आणि खाली छापील अक्षरांत पुढच्या हंगामासाठी शुभेच्छा होत्या.

त्यानं तो अहवाल आईला वाचून दाखवला. तिनं विचारलं की आता हे शेताला दाखवता येईल का. त्याच दिवशी गाव्रिलनं ठरवलं. बायको इकडे येत नसेल तर आपण तिकडे जायचं. फोन उचलत नाही म्हणून काय झालं, दारात जाऊन उभं राहिल्यावर हाकलणार थोडीच? तिकडे टोमॅटो तोडायला माणसं लागतात, असं कुणीतरी म्हणालं होतं. शनिवारी सकाळी इटलीहून मिनीबस यायची, गुत्त्यासमोर माणसं उतरवायची आणि ड्रायव्हरची कॉफी झाली की नवी माणसं घेऊन परत निघायची. तिच्यातली एक जागा त्यानं सांगून ठेवली.

शनिवारी बॅग घेऊन तो बाकावर बसला होता. मिनीबस आली, दार सरकलं आणि आधी दोन पिशव्या उतरल्या. त्यांच्यामागून व्हिओरिका उतरली.

ती जाडजूड झाली होती आणि केस आखूड कापले होते. तिला ओळखायला त्याला क्षणभर वेळ लागला, याचीच त्याला लाज वाटली.

"म्हातारीच्या लेकीनं फोटो बघितला," व्हिओरिका म्हणाली. "तुझा, फितीसकट. ओरडली वगैरे नाही. घराच्या किल्ल्या आणि त्यांनी दिलेला फोन मागून घेतला आणि बॅग उघडून दाखवायला लावली. पाच वर्षं तिच्या आईला मी घास भरवले, गाव्रिल." मग तिला त्याच्या पायाशी ठेवलेली बॅग दिसली. "तू कुठं निघालास?"

"तुझ्याकडं."

ती त्याच्या शेजारी बसली. ड्रायव्हर गुत्त्यात शिरला होता.

"जायलाच हवं तुला," ती म्हणाली. "माझं गेलं, शेत गेलं. दोघांतल्या एकाला तरी काम हवं."

"हो."

"जेवलायस?"

"आईनं ममालिगा बांधून दिलाय."

"काढ. दोघं खाऊ." तिनं रुमाल सोडला, मक्याच्या पिठाच्या त्या पिवळ्या गोळ्याचे दोन भाग केले आणि मोठा त्याच्या हातात दिला. पाच वर्षं तो दर रविवारी हिला ये म्हणत होता. ती आली होती, आणि त्याच्या वाट्याला तिच्यासोबत ड्रायव्हरची कॉफी संपेपर्यंतचा वेळ आला होता. खिडकीतून ड्रायव्हर दिसत होता. कप निम्म्यावर आला होता, आणि तो घड्याळाकडे बघत होता.

गाव्रिलनं हातातला घास तिच्याकडे दिला, तो उठून गुत्त्यात गेला आणि ड्रायव्हरसाठी आणखी एक कॉफी सांगून आला.