होडीच्या सिनेमात लागलेली झोप

नवा सिनेमा बघावा की नाही हे ठरवायला केरळातल्या पाला गावातले लोक पेपर उघडत नाहीत, आपल्याला विचारतात, असं थ्रेस्याम्माचं ठाम म्हणणं होतं. त्यात थोडं तथ्यही होतं. सिनेमा लागला की पहिल्याच दिवशी ती दुपारचा खेळ गाठायची आणि संध्याकाळी फाटकाशी मासळीवाला थांबला की बांगडे उलटेपालटे करत निकाल द्यायची. "पोरगा बरं काम करतो, पण त्याची आई म्हणून घेतलीय ती त्याच्याहून तरुण दिसते. शेवटची मारामारी निम्मी कापली असती तर माझी बस चुकली नसती." शेजारणी ऐकायच्या, मासळीवालाही ऐकायचा, आणि तेवढ्यात मांजर एखादी तारली पळवायचं.

तिला एकच दुःख होतं. खेळ सुटला की थिएटरच्या दारात माईक आणि मोबाईल घेऊन मुलं उभी असत, बाहेर पडणाऱ्यांना गाठून "कसा वाटला?" विचारत आणि ते सगळं फोनवर झळकत असे. पण विचारायचे ते तरण्याताठ्यांना. ती पोरं "पोळी, पोळी" म्हणून ओरडायची, म्हणजे सिनेमा झकास आहे. त्यापलीकडे एक शब्द नाही. थ्रेस्याम्मा मुद्दाम कडक इस्त्रीची साडी नेसून, माईकसमोरून दोनदा जाऊन पाहायची. माईक तिच्या डोक्यावरून पलीकडे जायचा.

त्या शुक्रवारी मात्र तिचं नशीब उघडलं. सिनेमा एका नावाड्याचा होता. त्याचं खरं नाव इतकं लांब होतं की तिकीट मागताना सगळे 'होडीचा सिनेमा' एवढंच म्हणत. आत माणसं अशी विखुरलेली होती की जणू एकमेकांशी भांडून बसलीत. खेळ सुटल्यावर बाहेर आली ती थ्रेस्याम्मा, तिची शेजारीण लीलाम्मा आणि थोडे चुकार. माईकवाल्या मुलीला दुसरं कुणी मिळेना. तिने नाइलाजाने माईक पुढे केला.

"अम्मच्ची, कसा वाटला सिनेमा?"

थ्रेस्याम्माने पदर सारखा केला. "फर्स्ट क्लास. अगं, माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. पडलं की हॉल दिसतो, हॉल विसरले की बिर्याणी दिसते. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, नणंदेचा काढा झाला. आणि आज बघ, ती होडी निघाली, पाण्यावर संथ, संथ. हिरो काही बोलत नाही. वरून एसीचा गार वारा. मला अशी झोप लागली म्हणून सांगू, माझ्या बाळंतपणानंतर अशी लागली नव्हती. मध्यंतरात हिने उठवलं, परत झोपले. उद्या पुन्हा येणार मी. ज्याला झोप येत नाही त्याने यावं."

"म्हणजे सिनेमा कंटाळवाणा आहे?"

"मी कधी म्हटलं? माझं अंग हलकं झालंय. तुमच्या त्या मारामारीच्या सिनेमांनी कधी कुणाचं अंग हलकं केलंय का?"

तिच्या मते तिने स्तुती केली होती. मनापासून.

रात्रीचं जेवण होईपर्यंत तो व्हिडिओ अख्ख्या केरळभर फिरला. कुणीतरी त्याच्याखाली अंगाईगीत लावलं होतं. कुवेतहून भाऊ, मेलबर्नहून भाची, आणि जिच्याशी विहिरीच्या वादापासून बोलणं बंद होतं ती मावसबहीणसुद्धा फोन करून हसली. थ्रेस्याम्मा हवेत होती. फोन ठेवला की परत तोच व्हिडिओ लावायची आणि नवऱ्याच्या नाकासमोर धरायची.

"इच्चाया, बघा, साडी कशी खुलून दिसतेय."

कुर्याच्चनला सिनेमाचं वावडं होतं. त्याने चष्मा वर सरकवून पाहिलं. "लोक पैसे देऊन झोपायला जातात, आणि तू ते जगाला ओरडून सांगतेस. आमच्या घराण्यात हेच व्हायचं राहिलं होतं."

"तुम्ही फुकटात झोपता, तेही प्रार्थनेच्या वेळी. माझं निदान तिकीट तरी होतं."

घरची धाकटी, म्हणजे जिचं टोबिनशी लग्न ठरलं होतं ती जिन्सी, दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा भरता भरता फोनकडे बघून थिजली.

"अम्मच्ची, टोबिनचा मेसेज आहे. त्याचा मामा आहे ना, अवराच्चन. मस्कतचं हॉटेल विकून आला तो. त्याने ते सगळे पैसे कशात घातले ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. काल रात्री सांगितलं."

"कशात?"

"होडीच्या सिनेमात."

थ्रेस्याम्मा हातातल्या पुट्टू वाफवायच्या नळीसकट खाली बसली. टोबिनला वडील नव्हते. लग्नाची सगळी बोलणी अवराच्चनमामानेच केली होती. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, लग्न जाहीर करायला चर्चमध्ये दोघांची नावं वाचली जाणार होती, आणि मामा नाही म्हणाला असता तर टोबिनच्या आईने, एलियाम्माने, पापणी न हलवता लग्न मोडलं असतं. तेवढ्यात तिचाच फोन आला. आवाज गोड होता. विहिणींचा आवाज गोड झाला की समजावं, आत कोयता परजला जातोय.

"थ्रेस्यामे, झोप झाली का गं?"

"एलियाम्माचेची, ताई, मला काहीच माहीत नव्हतं हो."

"आम्हालाही नव्हतं. अवराच्चन काल रात्रीपासून जेवला नाही. नुसता फोन कानाला लावून येरझाऱ्या घालतोय. तूच बोल त्याच्याशी."

थ्रेस्याम्माने तीनदा नंबर लावला. चौथ्यांदा पलीकडून घाईघाईचा आवाज आला, मागे गाड्यांचा गोंगाट. "चेची? फोनवर काही बोलू नका. आज दुपारच्या खेळाला या. सगळे या. समोरासमोरच बोलू." आणि फोन बंद.

"समोरासमोर," कुर्याच्चन म्हणाला. "म्हणजे वकील घेऊन येतोय."

"अप्पच्चा, उगाच घाबरवू नका तिला," जिन्सी म्हणाली, पण तिचाही चेहरा कागदासारखा झाला होता. मग तिनेच तोडगा काढला. "अम्मच्ची, आज तू सिनेमा पूर्ण बघायचा. डोळे उघडे ठेवून. आणि बाहेर येऊन त्या माईकवालीला सांगायचं, काल माझी तब्येत बरी नव्हती, आज पाहिला, फार आवडला."

"आणि नाही आवडला तर?"

जिन्सीने तिच्याकडे असं पाहिलं, की थ्रेस्याम्मा मुकाट्याने उठली आणि चुलीवर काळ्या कॉफीचं पातेलं चढवलं. पहिला पेला कडू लागला, दुसरा त्याहून. तिसऱ्याला तिचे कान गरम झाले. चौथ्यानंतर ती उभ्याउभ्याच थरथरू लागली, बसस्टँडवरच्या इंजिन चालू ठेवलेल्या गाडीसारखी. अपराध पोटात घालावा म्हणून मामासाठी तिने कुरकुरीत, गोड अच्चप्पमचा डबाही घेतला.

रिक्षा थिएटरच्या वळणावर आली आणि अडकली. पुढे माणसंच माणसं होती. काठी टेकत आलेले म्हातारे, रात्रपाळी संपवून थेट आलेल्या नर्स, तान्ही पोरं खांद्याला लावलेल्या बायका. कुणी शाल पांघरलेली, कुणाच्या काखेत उशी.

"मोर्चा आहे," कुर्याच्चन म्हणाला. "तुझ्याविरुद्ध. चल परत."

"उशा घेऊन मोर्चा?"

"आत ठाण मांडून बसणार असतील."

गर्दीतल्या एका आजोबांनी थ्रेस्याम्माला ओळखलं. "हीच ती," ते ओरडले, आणि सगळ्या माना वळल्या. थ्रेस्याम्मा डबा छातीशी धरून कुर्याच्चनमागे लपायला गेली, तर कुर्याच्चन आधीच तिच्यामागे लपला होता. तेवढ्यात पांढऱ्या लुंगीवजा मुंडूचं टोक हातात धरून एक जाडसर माणूस गर्दी फाडत धावत आला. अवराच्चन. मागे एलियाम्मा आणि टोबिन.

"अवराच्चा, चुकलं माझं," थ्रेस्याम्माने डबा पुढे केला. "मी आज पूर्ण बघते, आणि चांगलं बोलते."

अवराच्चनने तिचे दोन्ही हात डब्यासकट धरले. त्याचे डोळे भरून आले होते. "चेची, पहिल्या दिवशी आत माणसांपेक्षा वटवाघळं जास्त होती. थिएटरवाला आज सिनेमा उतरवणार होता. मी त्याच्या हातापाया पडायला निघालो, तर त्याचाच फोन. दुपारचा खेळ फुल. कोट्टयमला फुल. त्रिशूरला लोक चटया मागतायत. काल रात्रीपासून फोन खाली ठेवता येत नाहीये मला. जेवायला वेळ नाही." त्याने अच्चप्पम काढून एकदम दोन तोंडात कोंबले. "आता आत चला, आणि निवांत झोपा. एसी वाढवायला सांगितलाय."

थ्रेस्याम्माच्या अंगातली भीती गेली तशी इतकी मोकळी हवा आली की तिला गाणंच म्हणावंसं वाटलं. लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते. एका नर्सने तिच्याबरोबर फोटो काढला. एलियाम्माने चारचौघांत तिचा दंड धरून "ही माझी विहीण" असं सांगितलं, आणि या वेळी गोडवा खरा होता.

दिवे मालवले. पडद्यावर पहाट झाली, धुकं आलं, होडी निघाली. वल्हं एकदा बुडालं, दुसऱ्यांदा बुडालं, आणि कुर्याच्चनची मान पडली. पाठोपाठ एलियाम्मा. टोबिन आणि जिन्सी एकमेकांच्या खांद्यावर. सगळं थिएटर एकाच लयीत श्वास घेऊ लागलं, मधूनच कुठूनतरी घोरण्याचा तुकडा उठायचा आणि विरायचा. थ्रेस्याम्माने डोळे मिटले. ते टक्कन उघडले. परत मिटले. चार पेले कॉफी आत तबला वाजवत होती.

झोप येईना, म्हणून ती सिनेमा बघू लागली.

नावाडी रोज माणसं पलीकडे नेत होता. नदीवर पूल बांधत होते, त्यामुळे होडीतली माणसं कमी होत होती. म्हातारा कुणाशी बोलत नव्हता, पण भर पात्रात एका ठरावीक जागी वल्हं थांबवायचा. उगाच. कालचं तिला तेवढंच आठवत होतं, होडी थांबते आणि झोप लागते. आज तिला त्याचा राग आला. काय हा माणूस, लोकांना कामावर जायचंय की. मध्यंतरानंतर ती पुढे सरकून बसली. पुलावरची इंजिनीअर बाई ही म्हाताऱ्याचीच मुलगी निघाली. पूल पुरा झाला, त्या दिवशी तिने बापाला शेवटचं होडीतून पलीकडे न्यायला सांगितलं. तो त्याच जागी थांबला आणि त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "इथे जन्मलीस तू," तो म्हणाला. "तुझ्या आईला दवाखान्यात नेत होतो. पोचलो नाही. एकीला घेऊन निघालो, एकीला घेऊन आलो."

थ्रेस्याम्माने शेजारी पाहिलं. जिन्सी तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती, लहानपणी ताप आला की झोपायची तशी. महिन्याभरात ही दुसऱ्या घरी जाणार. थ्रेस्याम्मा पदरात तोंड खुपसून रडली, मग उठून उभी राहिली आणि दणादण टाळ्या वाजवू लागली.

"श्शू," चहूकडून आवाज आले. "कोण आहे ते? झोपू द्या की."

दिवे लागले तरी कुणी उठेना. थिएटरवाल्याला एसी बंद करावा लागला. थ्रेस्याम्मा मात्र सगळ्यांच्या पायांवरून उड्या टाकत बाहेर धावली. तिला सांगायचं होतं. आयुष्यात इतकं कधी सांगायचं नव्हतं. दारात अवराच्चन भेटला.

"अवराच्चा, तुम्ही बघितलाय का हो शेवट? काय सिनेमा आहे. मी रडले. कुणीही झोपता कामा नये. आता सांगते सगळ्यांना, एक डोळासुद्धा मिटू नका म्हणते."

अवराच्चनचा चेहरा उतरला. तिकडे माईकवाली मुलगी येत होती, आणि तिच्यामागे पुढच्या खेळाची रांग, उशांसकट. त्याने थ्रेस्याम्माला खांबाआड ओढलं.

"चेची, मी पाया पडतो. सिनेमा चांगला आहे हे कुणाला सांगू नका."

"अहो, पण आहे."

"आहे, मला माहीत आहे, म्हणून तर हॉटेल विकलं. पण हे लोक चांगला सिनेमा बघायला आलेले नाहीत. आत रडावं लागतं हे कळलं तर एकही फिरकणार नाही. महिनाभर थांबा. लग्न होऊ दे. मग फोनवर येईल सिनेमा, तेव्हा पोटभर सांगा."

माईक समोर आला. या वेळी मुलगी स्वतःहून, आदबीने आली होती. "अम्मच्ची, सगळे वाट बघतायत. आज कशी लागली झोप?"

रांगेने माना पुढे काढल्या. अवराच्चन खांबामागे हात जोडून उभा होता. डोळे चोळत जिन्सी आणि टोबिन बाहेर येत होते. थ्रेस्याम्माच्या ओठांवर ती नदी, तो पूल, तो म्हातारा असे सगळे येऊन उभे राहिले होते. तिने खांबाकडे पाहिलं.

"गाढ," ती म्हणाली.

रांगेतून समाधानाचा सुस्कारा गेला.

रविवारी नावं वाचली गेली, सगळं सुरळीत पार पडलं. पण थ्रेस्याम्माला ते खोटं मत टोचत राहिलं. पुढच्या शनिवारी ती कबुलीजबाबाला गेली आणि जाळीपलीकडच्या फादरना तिने सगळं सांगितलं. "फादर, मी जागी होते. एक क्षण झोपले नाही. तो सिनेमा फार चांगला आहे, आणि मी अख्ख्या केरळाला सांगितलं की मला झोप लागली."

जाळीपलीकडे फादरची खुर्ची करकरली. तिला वाटलं, पाप मोठं आहे, फादर प्रायश्चित्त शोधतायत.

मग फादर हळूच म्हणाले, "थ्रेस्यामे, हल्ली मलाही नीट झोप नाही. दुपारचा खेळ अजून चालू आहे ना?"