सुभेदार निकमांचा गचका

निकमकाका पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. सरळ सोफ्याकडे गेले, दोन्ही तळवे गादीवर ठेवले, अंगाचा सगळा भार टाकून दाबलं आणि झटकन हात काढून घेतले. गादी पुन्हा फुगेपर्यंत डॉक्टर जीभ बघतात तसे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रिबाउंड लई स्लो हाय. बसनारा मानूस झोपंल हितं."

"झोपायलाच घेतलाय," मी म्हणाले.

मी मूळची सोलापूरची. आमच्याकडे पाहुणा आधी पाणी मागतो, फर्निचरची तपासणी नंतर. पण जयपूरला नोकरीसाठी आले, जगतपुऱ्यात चौथ्या मजल्यावर भाड्याने फ्लॅट घेतला आणि शेजार मिळाला तो हा. मराठी शेजार मिळाला म्हणून आईला आनंदाने फोन केला होता. तो आनंद फार टिकला नाही.

काका साताऱ्याकडचे, फौजेत वर्कशॉपला होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि शेवटची बदली जयपूरला होती म्हणून इथेच राहिले. आयुष्यभर ट्रकांच्या स्प्रिंगांचे पाटे आणि शॉकॅब्सॉर्बर दुरुस्त केल्यामुळे त्यांना जगात दोनच प्रकारच्या गोष्टी दिसतात. गचका गिळणाऱ्या आणि गचका परत फेकणाऱ्या. वॉचमनची खुर्ची, माझी स्कूटर, सोसायटीच्या बागेतलं बाक, सगळं त्यांनी दाबून पाहिलेलं आहे. मी केलेली इडलीसुद्धा आधी बोटाने दाबली आणि म्हणाले, "ट्रॅव्हल चांगला हाय. दबतीया बक्कळ." लिफ्टमध्ये समोरचे शर्माजी पोट घेऊन उभे राहिले की काकांचे हात कसे शिवशिवतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. काकू अशा वेळी त्यांच्या हातात मुद्दाम भाजीची पिशवी देतात.

"गचका गिळायचा, माने. परत फेकायचा न्हाई." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. फौजेच्या सवयीने ते मला आडनावानेच हाक मारतात. माझ्या बॉसने मला झापलं तरी तेच वाक्य, दूध नासलं तरी तेच. एकदा मी वैतागून म्हणाले, "काका, मी काय ट्रक आहे?" तर गंभीरपणे म्हणाले, "न्हाई. ट्रकाला पाटे असत्यात."

तर अशा माणसाच्या घरी एक दिवस भलंमोठं खोकं आलं. वॉचमनने गेटवरून इंटरकॉम केला, "सूबेदार साब, आपका पलंग आ गया." पलंग नव्हता. आतून निघाली कैरीच्या रंगाची एक सायकलची फ्रेम, मधोमध एक जाडजूड स्प्रिंगसारखा शॉक बसवायची जागा असलेली.

काकूंनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "चाकं न्हाईत, हँडल न्हाई, सीट न्हाई. मग नेमकं घेतलंत काय?"

"सांगाडा," काका अभिमानाने म्हणाले. "फुल सस्पेन्शन. म्होरं पण गचका गिळनार, मागं पण."

आणि तो सांगाडा त्यांनी हॉलमधल्या झोपाळ्याच्या कडीला टांगला. झोपाळा गेला बाल्कनीत. काकूंनी लग्नापासून मागितलेला झोपाळा त्यांना गेल्याच वर्षी मिळाला होता, त्यामुळे पुढचे काही दिवस त्या घरात आमटीला मीठ नव्हतं.

"अहो, तयार सायकल मिळत नाही का?" मी विचारलं.

"तयार सायकल म्हंजे मेसचं जेवान. ताटात पडंल ते गिळायचं. आपल्याला एकेक जिन्नस निवडून सैपाक करायचाय."

"मग येक दिवस खरंच करा सैपाक," आतून काकू.

मग एकेक जिन्नस येऊ लागला. पुढचं चाक धरणारा फोर्क आला, मागचा शॉक आला, तेलावर चालणारे ब्रेक आले, जाड नक्षीचे टायर आले. मी घरून काम करते हे काकांना कळल्यापासून ते मला बिनकामाची बाई समजतात. माझी मीटिंग ऐन रंगात आलेली असताना दारावर थाप पडायची, "माने! दोन मिन्टं! फोर्क धरायचाय!" एकदा अमेरिकेतल्या क्लायंटने विचारलं की तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का. मी हो म्हणाले. खोटं तरी कशाला म्हणू?

हँडलच्या नळीत बेअरिंगच्या वाट्या बसवायचं खास यंत्र मिळतं, ते काकांनी घेतलं नाही. आट्यांची लांब सळई, दोन नट आणि वॉशर घेऊन त्यांनी त्या वाट्या अशा सरळ दाबून बसवल्या की मीसुद्धा श्वास रोखून धरला. पेडल मात्र त्यांनी माझ्याकडे दिलं. मी फिरवतेय, फिरवतेय, ते काही बसेना. घामाघूम झाले, हात काळे झाले, तेव्हा शांतपणे म्हणाले, "डाव्या पेडलाचे आटे उलटे असत्यात."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू डावखुरी हायस न्हवं? मला वाटलं तुला ठावं आसंल."

सीट बसली तेव्हा काकूंचा राग गेला. त्या सीटला हँडलवर एक बटण होतं. ते दाबलं आणि सीटवर भार टाकला की सीट सुळकन आत जायची, पुन्हा दाबलं की टुणकन वर. काकू येता-जाता दाबायच्या. आम्ही बघत नाही असं वाटलं की दोनदा दाबायच्या.

पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. काका उंचेपुरे, चांगले ब्याऐंशी किलोचे. आणि ती फ्रेम लहान. काका तिच्यावर बसले असते तर गुडघे कानाला लागले असते. मी तसं काकूंना म्हणाले, तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्यांच्यासाठी न्हाईच ती. प्राचीसाठी हाय."

प्राची त्यांची मुलगी, बेंगळुरूला नोकरीला. शाळेत असताना तिला सायकलचं वेड. कुठल्याशा छावणीच्या उतारावरून सुसाट आली, पडली, हात मोडला. काका घाबरले. आणि घाबरलेले सुभेदार जे करतात ते त्यांनी केलं, ओरडले आणि सायकल दुसऱ्या दिवशी कुणालातरी देऊन टाकली. पोरगी खूप रडली, मग रडायची थांबली आणि त्याबरोबर बापाशी बोलायचीही थांबली. भांडण असं नाही. फोन आला की, "बाबा, ठीक?" "ठीक." "आईला द्या." एवढंच. पहिल्या पगारात तिने सायकल घेतली आणि सुट्टीला डोंगरांत जाते हेही काकांना काकूंकडूनच कळलं.

"आता ती हितं आली की तिला द्यायची आन दोघांनी नाहरगडाच्या डोंगराकडं जायचं, असं त्यांच्या मनात हाय," काकू म्हणाल्या. "तिला सांगायची मात्र छाती न्हाई. न्हाई म्हनाली तर?"

म्हणजे अख्ख्या सोसायटीला माहीत, वॉचमनला माहीत, फक्त जिची सायकल तिलाच पत्ता नाही! माझं डोकंच फिरलं. पण काकांनी त्यातही एक युक्ती काढली होती. सामान निवडायच्या निमित्ताने ते प्राचीलाच फोन करायचे. हात ग्रीसने माखलेले, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर.

"हँडल किती रुंद घ्यावं म्हनतीस?"

"कोणासाठी, बाबा?"

"हाय येक सायकल."

प्राचीला वाटलं, बाबांनी या वयात हे खूळ घेतलंय. तिने आधी रागावून पाहिलं, मग सल्ले द्यायला लागली. तिचं मराठी छावण्यांच्या शाळांतून आलेलं, हिंदीच्या आधाराने चालणारं. "बाबा, मतलब तुम्ही लंबे आहात, तर हँडल मोठा घ्या." काका इकडे मान डोलवायचे आणि लहान मागवायचे. "ठीक?"वर संपणारा फोन आता ब्रेकच्या तेलापासून टायरच्या हवेपर्यंत जायचा. फोन ठेवल्यावर काका थोडा वेळ काहीच काम करायचे नाहीत. नुसते सायकल दाबत बसायचे.

शेवटचं काम राहिलं ते शॉकमध्ये हवा भरायचं. ही हवा बसणाऱ्याच्या वजनावर ठरते. त्या दिवशी मी पंप धरून उभी होते.

"बाबा, तुमचं वजन सांगा," फोनमधून प्राची.

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी दोन्ही पंजे वर केले, पाच आणि पाच.

"पंचावन्न," काका म्हणाले.

प्राची ओरडलीच, "पंचावन्न? बाबा, तुम्ही तर ऐंशीच्या वर होता!"

"हां... चालतोय हल्ली."

"कुठपर्यंत चालता? दिल्लीपर्यंत? आईला द्या!"

काकूंनी गुपित सांभाळायचं म्हणून जे केलं त्याला तोड नाही. म्हणाल्या, "व्हय गं, वाळल्यात जरा. पन भूक चांगली हाय." मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या दिवसापासून प्राचीचा रोज फोन. जेवलात का, डॉक्टरला दाखवलं का, ब्लड टेस्ट केली का. आणि काका समोर कांद्याची कचोरी ठेवून, "खिचडी खाल्ली," म्हणायचे. मला भयंकर राग आला. मी स्पष्ट सांगितलं, "काका, ती तिकडे काळजीने अर्धी होतेय. खरं सांगून टाका."

काकांनी कचोरीचा तुकडा परत बशीत ठेवला. "सांगतो गं. येवढं दोन दिस जाऊ दे. रोज बोलतीया पोरगी." मग हळूच म्हणाले, "सांगितलं की पुन्हा 'ठीक'वर यील."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मेलं, असं काही बोलतात आणि आपल्यालाच गचका बसतो.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडेच होते. सायकल पुसून पुसून लख्ख झालेली. फोन वाजला, काकांनी कोपराने स्पीकर लावला.

"बाबा," प्राची घाईत म्हणाली, "मी खाली आहे."

काकांनी पुढचं ऐकलंच नाही. फोन खिशात, सायकल खांद्यावर, आणि लिफ्टची वाटही न बघता माणूस जिन्याने धडाधड निघाला. "आगं, खाली आलीय ती!" काकू स्वयंपाकघरात धावल्या, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि त्याही सुटल्या. मागून मी, पायात एक चप्पल माझी, एक काकूंची.

गेटवर कुणीही नव्हतं. एक ई-रिक्षा गेली, त्यात दोन कॉलेजची मुलं. काका सायकल घेऊन डावीकडे बघतायत, उजवीकडे बघतायत. वॉचमन उठून उभा राहिला. खिशातून आवाज येत होता, "हॅलो? बाबा? काय झालं?"

काकांनी फोन काढला. "कुठं हायस? दिसंना मला."

"कुठे मतलब? बेंगलुरुमध्ये! मी खाली आहे, फ्री आहे. ऑफिसमधून छुट्टी घेतली ना, पूरा हफ्ता. तुम्हाला डॉक्टरकडे घेऊन जायला."

हात् तुझी! पोरगी हिंदीतलं रिकामं 'खाली' बोलली आणि बाप मराठीतल्या 'खाली' धावला. मला हसू फुटणार होतं, पण काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि घशातच राहिलं. काकू तांब्या धरून तशाच उभ्या.

"बाबा, तुम्ही बोलत का नाही?"

"माझं वजन पंचावन्न न्हाई," काका म्हणाले. "ते तुझं सांगितलं. अंदाजानं."

"माझं? का?"

"सायकल तुझी हाय, बाळ. हवा तुझ्या वजनाची भरली." काकांनी सायकलचं हँडल सरळ केलं. "त्या येळंला तुझी सायकल दिऊन टाकाया नको हुती मी. भ्यालो हुतो."

काका फोनकडे बघत राहिले. ऊन मरणाचं होतं, पण कुणी सावलीला सरकलं नाही.

मग प्राचीने नाक ओढल्याचा आवाज आला. "अठ्ठावन्न," ती म्हणाली.

"आँ?"

"माझं वजन अठ्ठावन्न आहे, बाबा. पंचावन्न नाही. शॉक बैठ जाईल."

"भरतो की," काका घाईने म्हणाले. "आत्ता भरतो. माने, पंप!"

काकूंनी पुढे होऊन तो भाकरतुकडा फोनवरूनच ओवाळला, गेटबाहेर टाकला आणि वर पाणीही शिंपडलं. थोडं फोनवर उडालं.

"पण मी आता येऊ ना?" प्राचीने विचारलं. "तुम्ही तर आजारी नाही. मी मात्र खाली आहे."

काकांनी सायकलच्या सीटवर हात ठेवला. शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि फोन तोंडाशी नेला.

"ये की गं," ते म्हणाले, "मीपन खालीच हाय."