कारखाना बुडू दे म्हणणारे अण्णा

रस्त्यात उभी मोटार दिसली, की आमचे रामोजीअण्णा बाजारात नारळ वाजवून बघावा तशी तिच्यावर टकटक करायचे, कान लावायचे आणि जाहीर करायचे, "पत्रा! नुसता पत्रा!" एकदा आमच्या चामराजपेटेतले एक डॉक्टर आतच बसले होते. अण्णांनी त्यांच्यादेखत तोच निकाल दिला.

अण्णा माझे शेजारी. माणूस भला, पण विश्वास कशावर म्हणून नाही. हॉटेलात आम्ही एक कॉफी दोघांत घ्यायचो. अण्णा दोन्ही पेले डोळ्यांसमोर धरून बघणार आणि हटकून माझा उचलणार. दूधवाला हसला, की "आज पाणी जास्त घातलंय मेल्यानं." कुणी कसलीही चांगली बातमी आणली, तरी यांचं पालुपद ठरलेलं: "सरी, ठीक आहे, पण मधे खातंय कोण?"

साठ सालच्या आसपासची गोष्ट. पेपरात आलं, की उत्तरेतला एक मोटारींचा कारखाना बुडायला आलाय आणि सरकारनं हात द्यावा म्हणून मालक दिल्लीला खेटे घालतायत. झालं! अण्णांना ऊत आला.

"का द्यावा? मोटारीत बसणार शेटजी आणि भरणार मी? मी तर बसनं जातो!"

"अहो, पण कामगारांचं काय?"

"अय्यो, कामगारांच्या नावानं मालकच गिळणार! बुडू दे!"

बोलणं अगदीच चूक नव्हतं. पण मला खटकत होतं ते वेगळंच. अण्णांचा एकुलता एक मुलगा, माधव, त्याच कारखान्यात फोरमन होता. पोराच्या पोटावर पाय येतोय आणि हे म्हणतात, बुडू दे? बाप आहे की वैरी? माझी बायको म्हणाली, "बापलेकांचं काहीतरी बिनसलंय, बघा." मलाही तसंच वाटायला लागलं. संशय गोवरासारखा असतो, शेजारी राहून लागतोच.

शेवटी बातमी आली, सरकारनं कारखाना वाचवला. मी पेपर घेऊन तडक अण्णांकडे गेलो. म्हटलं, आता भडकणार.

"अण्णा, माधवची नोकरी वाचली!"

अण्णांनी मधे कोण खातंय, तेही विचारलं नाही. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, आतून ऐकलं असावं. "देव पावला," म्हणाल्या खऱ्या, पण डोळ्याला पदर लावला.

अण्णा उठले आणि मला माडीवर घेऊन गेले. खोलीला ताजा चुना लावलेला. नवी गादी, खिडकीला पडदा. कोपऱ्यात नातवासाठी आणलेला चन्नपट्टणचा लाकडी घोडा.

"कारखाना बंद पडला असता, तर कुठं जाणार होता रे तो?" अण्णा म्हणाले. "बायकापोरांना घेऊन इथंच आला असता ना?"

या माणसाबद्दल मी काय काय म्हणून बसलो होतो!

"बरं झालं, नोकरी वाचली," ते म्हणाले आणि खिडकी लावून घेतली. "आता या खोलीला भाडेकरू बघ कुणीतरी. भाडं स्वल्प कमी दिलं तरी चालेल. पोरंबाळं असलेला बघ."